मंडळी उठवण्याबाबत

पुलाजवळची मंडळी महासभेनं उठवली. एकमतानं उठवली. विरोधात कोणी नाही, तटस्थ कोणी नाही, उलट 'हो' असा काही दणक्यात झाला की छताच्या कैचीत बसलेली कबुतरं हॉल सोडून गेली. झालं. विषय संपला.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. घडलं नाही असा महासभेनं रीतसर ठराव केलेला आहे, आणि या चर्चमध्ये महासभेच्या वर कोणी नाही. तिच्या वर थेट देव, आणि त्याच्याकडे अपील करायची मुदत घटनेत दिलेली नाही. तेव्हा आपणही काहीच घडलं नाही असं धरून चालू.

तर एक ड्रायव्हिंग मास्तर होता. लोकांना गाडी शिकवायचा. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबून दाबून मास्तरच्या पायाला अशी सवय लागली होती की जगात कुठेही काही जोरात निघालं की त्याचा उजवा पाय आपोआप खाली जायचा. बायको भांडणात चौथ्या गिअरवर गेली की तो जमीन दाबायचा. जमीन कधी थांबली नाही, बायकोही नाही.

हा मास्तर पुलाजवळच्या मंडळीचा 'वडील' होता. त्यांच्या चर्चमध्ये बिशप नसतो, साहेब नसतो. प्रत्येक गावातली, पेठेतली मंडळी आपल्यातले काही वडील निवडते, ते विभागीय सभेत बसतात, आणि विभागीय सभा त्यातल्या काहींना वर्षातून एकदा महासभेत धाडते. तिथे पाळक आणि वडील यांचं मत सारखंच. सगळं सगळे मिळून ठरवतात, त्यामुळे काहीही ठरायला वेळ लागतो, आणि ठरल्यावर नेमकं काय ठरलं हे ठरवायला आणखी. मास्तरला हा 'वडील' शब्द फार आवडायचा, कारण घरी त्याची दोन्ही मुलं त्याला नावानं हाक मारायची.

चर्चची घटना ज्यांनी लिहिली त्यांना मोठे शब्द जड वाटत असावेत. 'स्थापना', 'विसर्जन' असलं काही त्यांनी लिहिलं नाही. साधं लिहिलं: जिथे पुरेशी माणसं जमतील तिथे मंडळी बसवावी, जिथे उरणार नाहीत तिथून ती उठवावी. पुढे कित्येक वर्षं कोणी कुणाला उठवलं नाही. मग पुरेशी म्हणजे किती हे ठरवायला 'जागा समिती' नेमली गेली. समिती म्हणाली, पंचवीस. पुलाजवळच्या मंडळीत सगळे धरून सतरा होते, आणि त्यातले दोघं फक्त लग्नांना यायचे. लग्नं तर कधीच संपली होती.

आता त्या सतरात एक मास्तरची आई. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहायची. किल्ल्या तिच्याकडे, ऑर्गन तिच्याकडे. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती ऑर्गन स्वतःला ऐकू येईल इतका वाजवायची, आणि पुलावरून जाणारे लोक त्या वेळेपुरते पलीकडच्या बाजूनं चालायचे. मंडळी उठली तर खोल्या जाणार, आणि खोल्या गेल्या तर आई मास्तरकडे राहायला येणार. मास्तरचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, खोल्या दोन, माणसं चार. या एका बाबतीत आई, मुलगा आणि सून यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं.

"तीन मिनिटं बोलायला देतात," निघायच्या आदल्या दिवशी मास्तर तिच्या कानाशी ओरडून म्हणाला. "काय बोलू?"

"काही बोलू नकोस. तू बोललास की लोकांना दया येते. दया आली की माणसं माना हलवतात आणि बंद करून टाकतात. नुसतं 'नाही' म्हण."

"नुसतं नाही?"

"मोठ्यानं. मला ऐकू येईल असं. आणि हे बघ, मी तुझ्याकडे राहायला यायची नाही."

"असं काय बोलतेस, आई? तुझंच घर आहे."

"बायकोला विचारलंस?"

"विचारलं ना."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मोठ्यानं म्हणा."

"शहाणी आहे पोरगी," आई म्हणाली.

महासभा एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये भरली होती. जमिनीवर रंगीत रेघा, आणि सभापतींची खुर्ची नेमकी बास्केटबॉलच्या जाळीखाली, त्यामुळे समोरून पाहिलं तर त्यांच्या डोक्यामागे संतांसारखं वलय दिसायचं, जाळी लोंबणारं. सभापती म्हणजे निवृत्त पाळक, गोड माणूस. समोर दोन माणसं असली तरी 'बरं का मंडळी' म्हणून सुरुवात करायचे. त्यांच्या शेजारी सचिवबाई. आधी त्या कोर्टात साक्षी उतरवून घ्यायच्या. पूर्वीच्या नोकरीतून त्यांनी वेग आणला होता आणि माणसांवरचा अविश्वास.

मास्तरच्या बाजूला दुसऱ्या विभागातले एक म्हातारे वडील बसले होते. त्यांना सगळे पोटकलमकाका म्हणत. घटना त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि डोळे मिटलेले.

"पहिल्यांदाच?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"जपून. इथे 'हो' फार सांभाळून म्हणायचं असतं."

मास्तरनं मान हलवली. त्याला वाटलं, म्हातारा उगाच तत्त्वज्ञान सांगतोय.

सकाळ तेराव्या विषयात गेली. समित्या फार झाल्यात म्हणून त्या कमी करायला गेल्या वर्षी एक समिती नेमली होती. तिनं अहवाल दिला की काम एकटीच्या आवाक्यातलं नाही, दोन उपसमित्या लागतील. टाळ्या वाजल्या, उपसमित्या मिळाल्या. मग सचिवबाईंनी वाचलं, "विषय चौदा. पंचवीसपेक्षा कमी सभासद असल्यानं पुलाजवळची मंडळी उठवावी. चर्चा?"

मास्तरचा पाय खाली गेला.

जागा समितीचे अध्यक्ष उठले. गोरेगोमटे, सुटाबुटातले. त्यांनी थोडक्यात सांगितलं की पंचवीस हा आकडा खूप प्रार्थना आणि अभ्यास करून काढलेला आहे, आणि कोणाविषयी मनात काही नाही. मग एका पाळकांनी विचारलं की पूल कुठला. हा प्रश्न सोपा नव्हता. तीन विभागांत तीन पूल निघाले. एका पुलाखाली आता नदी नाही, तेव्हा त्याला पूल म्हणावं का, यावर दोघांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात मागच्या भिंतीतली स्वयंपाकघराची खिडकी सरकली आणि परतलेल्या कांद्याचा वास हॉलभर पसरला. पुलाचा विषय तिथल्या तिथे वाहून गेला.

मास्तर पहाटेच्या बसनं आला होता. पोटात एक बिस्कीट, तेही शेजारच्या प्रवाशानं दिलेलं. सभापतींनी नाक वर केलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "काय, मंडळी उठवायची ना?"

"हो!" हॉल म्हणाला.

सगळ्यांत मोठा 'हो' मास्तरचा होता. तो दोन दिवस घसा साफ करत होता, आणि साफ केलेला घसा पोटाच्या हाती लागला. सभापतींनी हातोडी आपटली. खुर्च्या सरकल्या.

मास्तरचं अर्धं ताट संपलं तेव्हा पोटकलमकाका समोर येऊन बसले.

"मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "आपल्याच मंडळीच्या बाबतीत असं बोलायला छाती लागते."

"मी अजून कुठे बोललो? विषय तर अर्धाच राहिलाय."

"राहिलाय कुठे? मत झालं की. सभापतींनी विचारलं, मंडळी उठवायची ना. पटलावर विषय कुठला होता?"

मास्तरचा घास तोंडातच थांबला. त्यानं टेबलाखाली जमीन दाबली. टेबल हललं, काकांचं पाणी सांडलं, पण वेळ काही मागे गेली नाही.

तो धावत सचिवबाईंकडे गेला. त्या एका हातानं जेवत होत्या, दुसऱ्या हातानं सकाळचं लिखाण तपासत होत्या.

"बाई, ते मघाचं... ते जेवायला होतं ना?"

"जेवण हा शब्द कोणी उच्चारला नाही," बाई म्हणाल्या. "विषय चौदा पटलावर. सभापती: मंडळी उठवायची ना. सभागृह: हो. संमत. पुढे तुमचं नाव घालायला सांगितलंय काही जणांनी, आवाजाबद्दल. घालू का?"

"पण अर्थ काय होता बघा ना!"

"मी शब्द लिहिते. अर्थाचं खातं देवाकडे."

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"म्हणालास का?"

"म्हणालो, आई."

"मोठ्यानं?"

"सगळ्यांत मोठ्यानं."

"शाबास रे माझ्या वाघा! थांब, शेजारणीला सांगते." आणि फोन बंद. तिला ऐकू कमी येतं, आवाजातलं चोरपण तिला कळलं नसणार, या गोष्टीचा मास्तरला त्या दिवशी पहिल्यांदा आधार वाटला, आणि आधार वाटला याची लाज वाटली. तो काकांकडे परत गेला.

"काका, हे मागे कसं घ्यायचं?"

"एकदा झालेलं मत फक्त जिंकलेल्या बाजूचा माणूस पुन्हा काढू शकतो. ज्यानं 'हो' म्हटलंय तो. तुमच्याइतका स्पष्ट 'हो' कोणाचाच नाही. नशीबवान आहात."

दुपारचं सत्र सुरू झालं तसा मास्तर उठला. त्यानं दोन्ही पायांनी जमीन दाबून धरली. "सभापती, मी 'हो' म्हणालो. पण मी जेवायला 'हो' म्हणालो."

हॉल हसला. सभापती मात्र कळवळले. "अहो, मीसुद्धा जेवणाचंच विचारलं होतं!"

"सभापतींच्या मनात काय होतं ते कामकाजात येत नाही," सचिवबाई म्हणाल्या.

जागा समितीचे अध्यक्ष उभे राहिले. "मी तरी पूर्ण शुद्धीवर होतो. मी मंडळी उठवायलाच हो म्हणालो. आणि मला वाटतं, एका मंडळीच्या जिवाचा प्रश्न समोर असताना इथल्या कोणाच्याही मनात जेवण नव्हतं. असलं, तर त्यांनी हात वर करावा."

आता असं विचारल्यावर कोण हात वर करणार? पाळक छताकडे बघू लागले. वडील बुटांकडे बघू लागले. ज्यांनी तीनदा वाढून घेतलं होतं त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. सगळ्या हॉलमध्ये एकच हात वर होता, मास्तरचा, आणि त्याच्या बाहीला रस्सा लागला होता.

"म्हणजे स्पष्ट झालं," अध्यक्ष म्हणाले. मास्तरला डोळ्यांपुढे आपला जिना दिसला, आणि तो चढून येणारी आई, एकेका पायरीवर थांबत, किल्ल्या नसलेली.

"हरकतीचा मुद्दा," काका म्हणाले आणि सभेत पहिल्यांदाच डोळे उघडले. "मान्य. सगळ्यांनी मंडळीच उठवली. मग सभा जेवायला कोणी उठवली?"

काकांनी मांडीवरच्या घटनेचं पान उलटलं.

"मत घेतल्याशिवाय सभा उठत नाही. मत एकच झालं, ते पुलाजवळ खर्ची पडलं. म्हणजे सभा उठलीच नाही. म्हणजे आपण जेवत होतो तेव्हा महासभा चालूच होती. म्हणजे जेवताना जो जे बोलला, ते महासभेत बोलला."

सचिवबाईंनी नवा कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं. "क्रमानं सांगा. पहिल्या टेबलापासून."

"मी फक्त मीठ मागितलं," एक वडील घाईनं म्हणाले.

"सूचना: मीठ. अनुमोदन कोणाचं?"

"मी... मी म्हटलं, इकडेही द्या."

"अनुमोदन मिळालं. पुढे?"

पण जेवताना माणसं मीठ सोडून बाकीचंही बोलतात. खिडकीजवळच्या टेबलावर एक पाळक सभापतींच्या सकाळच्या प्रवचनाबद्दल बोलले होते आणि त्यात 'बसून झोपल्यानं मान आखडली' असे शब्द होते. दुसऱ्या टेबलावर एका पाळकांच्या बायकोच्या गाण्यावर चर्चा झाली होती, आणि ती बाई तिसऱ्या टेबलावर बसली होती. सगळे एकमेकांकडे बघू लागले, कोण आधी फुटतो म्हणून.

"जागा समिती कुठल्या टेबलाला होती?" काकांनी सहज विचारलं.

"पाचव्या," एक तरतरीत तरुण पाळकबाई म्हणाली. पाळक बायका त्या चर्चमध्ये नव्या होत्या आणि त्यांना अजून गप्प बसायची सवय लागली नव्हती. "मी तिथेच होते. अध्यक्ष म्हणाले, पंचवीस हा आकडा आम्ही असाच टाकला, गोल वाटला म्हणून."

सचिवबाईंचं पेन कागदाला टेकलं.

"माझी सूचना आहे!" अध्यक्ष ताडकन उठले. त्यांचा गोरा रंग बराच बदलला होता. "विषय चौदावरचं मत आणि त्यानंतरचं जेवण, दोन्ही कामकाजातून काढून टाकावं. दोन्ही झालेलंच नाही असं समजावं."

अनुमोदन द्यायला अर्धा हॉल उभा राहिला. 'हो' सकाळच्यापेक्षा हळू पण जास्त मनापासून झाला. मास्तरही म्हणाला, या वेळी काकांकडे बघून, त्यांनी मान हलवल्यावर.

स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वयंपाक बघणाऱ्या बाई डाव घेऊन उभ्या होत्या. "झालंच नाही? मग एवढी खरकटी भांडी काय देवदूतांची?"

"बाई, तुम्ही प्रतिनिधी नाही. तुम्हाला बोलता येणार नाही," सभापती अतिशय प्रेमानं म्हणाले.

"बरं, मंडळी," ते पुढे म्हणाले आणि स्वतःच दचकले. "म्हणजे, उपस्थित हो. आता विषय चौदा नव्यानं घेऊ."

"घेता येणार नाही," सचिवबाई म्हणाल्या. "छापलेल्या कार्यक्रमात या वेळी जेवण आहे. ते झालेलं नाही. आधी जेवावं लागेल."

"अहो, पण पोटात जागा..."

"पोट कामकाजात येत नाही."

सभापतींनी खिडकीकडे पाहिलं. बाईंनी रिकामं पातेलं उलटं करून दाखवलं. बोलायची परवानगी नव्हती, पण पातेलं दाखवायला कलम आड येत नव्हतं. जेवण झालं नव्हतं आणि जेवण संपलं होतं. शेवटी एका पाळकांनी तोडगा काढला: विषय चौदा जेवणानंतर घ्यावा. संमत झालं.

"मग उद्या घेऊ, उद्याच्या जेवणानंतर," जागा समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"ते उद्याचं जेवण," काका म्हणाले. डोळे पुन्हा मिटले होते. "विषय आजच्या जेवणानंतर आहे."

सचिवबाईंनी तसंच लिहिलं. जे झालं नाही ते जेवण आता कधी होणार नाही, आणि ते होत नाही तोवर पुलाजवळच्या मंडळीला कोणी हात लावू शकत नाही. मास्तरला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या पायानं जमीन सोडली.

तो घरी न जाता आधी आईकडे गेला. ती ऑर्गन पुसत होती. त्यानं आपला 'हो' सोडून सगळं सांगितलं, ओरडून, दोनदा.

"म्हणजे उठवली नाही?"

"नाही!"

"म्हणजे बसलीय?"

"तसंही म्हणता येत नाही. जेवणानंतर बघणार."

"कोणाच्या जेवणानंतर?"

"जे झालं नाही त्याच्या."

आई खाली बसली. फडकं मांडीवर ठेवलं. "इथे दर रविवारी माणसं येऊन बसतात. त्यांच्या डोक्यावर कोणाचं तरी जेवण टांगून आलास तू? आणि तू तर 'नाही' म्हणाला होतास."

मास्तरनं जमीन दाबली. मग सोडली. "मी 'हो' म्हणालो, आई."

"काय?"

"हो म्हणालो! हो!"

इथल्याही छताच्या कैचीत काहीतरी फडफडलं. आईनं आधी वर पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एवढ्या मोठ्यानं म्हणालास तिथे?"

"एवढ्याच."

"आवाज चांगला लागलाय," ती म्हणाली. "बापासारखा. त्याचाही नको तिथेच लागायचा."

"चुकलं माझं. पण आता कोणी आपल्याला उठवत नाही ना. कशाला उकरून काढतेस?"

"बसायचं तर बसल्यासारखं बसावं. असं पाटाच्या कडेवर किती दिवस बसू? त्यांना उठवायचं असेल तर माझ्या तोंडावर सांगू दे, की बाई, तू ऊठ. नाहीतर म्हणू दे, बैस. कागद घे."

"आई, खरंच 'ऊठ' म्हणाले तर?"

"तर तुझा जिना चढेन. बायकोला सांगून ठेव. लिही."

मास्तरनं कागद घेतला. आईनं सांगितलं, त्यानं लिहिलं. मधे एकदा पाय आपोआप खाली गेला, तेव्हा तिनं काठीनं त्याच्या बुटावर टोकलं. ही विनंती कधीही मान्य होणार नाही याची त्याला पूर्ण खात्री होती, म्हणून त्यानं ती अतिशय सुवाच्य अक्षरात उतरवली:

"मा. सभापती, महासभा, यांस. विषय: विषय चौदा. महोदय, पुलाजवळची मंडळी उठवावी की बसू द्यावी, याचा निकाल महासभेनं 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात, पूर्ण शुद्धीवर राहून, आमच्या समक्ष द्यावा. त्याकरिता पुढील महासभा आमच्या मंडळीत भरवण्यात यावी. आणि सदर निकाल लागेपर्यंत महासभेस चहा, बिस्किटे व जेवण यांपैकी काहीही देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."